धर्मादाय आणि देणं

दिवाळीत चार दिवस लासलगावला होतो. एरवी आमच्या गावाची ओळख म्हणजे ट्रॅक्टरांची रांग, लिलावाचा गलका आणि हवेत भरून राहिलेला कांद्याचा वास. दिवाळीत लिलाव बंद असतात. गाव इतकं शांत होतं की आपण चुकून दुसरीकडेच उतरलो की काय असं वाटतं. अशाच एका दुपारी माळा आवरताना मधल्या काकांनी एक जुनी ट्रंक उघडली. आत त्यांच्या मुनीमकीच्या काळातल्या दोन लाल खतावण्या होत्या.

काकांनी जवळपास चाळीस वर्षं एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशोब लिहिला. खतावणी चाळताना एका पानावर डोक्याशी 'धर्मादाय' असं लिहिलेलं दिसलं. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "देवळाला, सप्त्याला, दारात आलेल्या कुणा गरिबाला शेठ जे देतील ते या पानावर."

"आणि दिलं नाही तर?"

"तर नाही. पुढच्या साली बघू. हे बघ, धर्मादाय राहिलं तर देव विचारील कधीतरी. देणं राहिलं तर माणूस दारात येतो."

हे वाक्य डोक्यात घेऊनच पुण्याला परतलो, कारण गेले दोन महिने मी जे वाचत होतो त्याचं सार काकांनी दोन ओळींत सांगून टाकलं होतं. विषय आहे अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय कायदा. नाव ऐकून पळू नका. ही खरं तर एका शब्दाची गोष्ट आहे. तो शब्द धर्मादायाच्या पानावरून देण्याच्या पानावर यायला किती वर्षं लागली, त्याची.

काका स्वतः पोलिओचे. जन्म १९६१ चा. दुसऱ्या वर्षी ताप आला, उजवा पाय गेला. तेव्हापासून कॅलिपर आणि काठी. मी हा विषय वाचायला घेतला तो मात्र त्यांच्यामुळे नाही. ते कारण जरा लाजिरवाणं आहे, शेवटी सांगतो.

*

सुरुवात १९४७ पासून करू. १ एप्रिल १९४७ ला लासलगावची बाजार समिती स्थापन झाली. त्याआधी बाजार व्यापाऱ्यांच्या मर्जीवर चाले. शेतकऱ्याच्या पट्टीतून नाना नावांनी पैसे कापले जात, आणि त्यात एक नाव चक्क धर्मादायाचं असे. म्हणजे पुण्य व्यापाऱ्याचं, पैसा शेतकऱ्याचा! देशातल्या बाजारांतल्या असल्या कपातींवर १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने बोट ठेवलं होतं. पुढे १९३९ मध्ये मुंबई प्रांताने बाजार नियमनाचा कायदा केला. शेतकऱ्याचा पैसा ही मर्जी नाही, देणं आहे, एवढंच तो कायदा सांगत होता.

त्याच १९४७ च्या जानेवारीत तिकडे न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेसला संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्क आयोग पहिल्यांदा भरला. एलिनॉर रूझवेल्ट अध्यक्ष आणि भारतातर्फे हंसा मेहता. या हंसाबाई १९३७ साली मुंबईच्या विधान परिषदेवर निवडून आल्या होत्या, पुढे संविधान सभेतही होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातला 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा शब्दप्रयोग बदलून तिथे 'सर्व माणसं' आलं, ते त्यांच्या आग्रहामुळे. एका शब्दाने किती फरक पडतो हे कळणारी बाई.

१० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याचं दुसरं कलम सांगतं की वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म वगैरे कशावरूनही भेदभाव नको. या यादीत अपंगत्व नाही. मग जाहीरनाम्यात तो शब्दच नाही का? आहे की. पंचविसाव्या कलमात आहे. बेकारी, आजारपण, अपंगत्व, वैधव्य, म्हातारपण अशा वेळी माणसाला आधार मिळावा, असं तिथे म्हटलंय.

म्हणजे समतेच्या यादीत शब्द गैरहजर आणि मदतीच्या यादीत हजर.

आता आपली राज्यघटना उघडा. पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभावाला बंदी आहे. अपंगत्व नाही. एक्केचाळिसाव्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार यांच्याबरोबर ते येतं. तेही मदतीसाठी आणि तेही 'राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. शिवाय हे कलम मार्गदर्शक तत्त्वांमधलं, म्हणजे त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. काकांच्या भाषेत, पुढच्या साली बघू.

खरा धक्का पुढे आहे. केंद्राने कशावर कायदे करायचे आणि राज्यांनी कशावर, याच्या याद्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात आहेत. राज्यांच्या यादीतली आठवी नोंद दारूची आहे. दहावी दफनभूमी आणि स्मशानांची. मधली नववी नोंद आहे ती 'विकलांग आणि काम करण्यास असमर्थ व्यक्तींना साहाय्य' या आशयाची. मी ती तीनदा वाचली. दारू आणि स्मशान यांच्या मधोमध आमचे काका!

घटनाकारांना दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाहीये. जगातल्या सगळ्यात उदार कागदपत्रांतही त्या काळी हा शब्द याच पानावर होता. अपंग माणूस म्हणजे ज्याला द्यायचं तो. त्याचं काही येणं असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

*

ज्याला हक्काचा माणूस म्हणून धरलंच नाही, त्याची मोजदाद तरी कशाला? इंग्रजांनी १८७२ ते १९३१ च्या जनगणनांमध्ये आंधळे, बहिरे-मुके, महारोगी असे रकाने ठेवले होते. स्वतंत्र भारताने १९५१, ६१ आणि ७१ च्या जनगणनांमध्ये हा प्रश्न विचारलाच नाही. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, त्या साली तो परत आला. पण रकाने तीनच आणि तिन्हींच्या आधी 'पूर्ण'. पूर्ण अंध, पूर्ण लुळे, पूर्ण मुके. काठी टेकत चालणारे काका कशातच बसेनात. १९९१ ला प्रश्न पुन्हा गायब. म्हणजे आमच्या काकांची अपंग म्हणून मोजणी होऊ शकली ती २००१ च्या जनगणनेत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. २०११ च्या जनगणनेत देशातला आकडा २ कोटी ६८ लाखांचा होता आणि त्यातले साडेएकोणतीस लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातले.

मधल्या काळात युनोत कागद निघतच होते. १९७१ चा एक जाहीरनामा, १९७५ चा दुसरा. पण जाहीरनामा म्हणजे लग्नातला आहेर. दिला तर छान, नाही दिला तर पोलीस येत नाहीत. सही करून बांधून घेणारा असतो तो करार. १९८७ साली इटलीने आमसभेत असा करार करू या असं सुचवलं. दोन वर्षांनी स्वीडनने पुन्हा विषय काढला. दोन्ही वेळा इतर देशांनी नको म्हटलं. युक्तिवाद ऐकायला अगदी गोड होता. मानवी हक्कांचे करार सर्वांसाठीच आहेत, अपंगही त्यात आलेच, मग वेगळा कशाला? हे म्हणजे, 'दुकान सर्वांना खुलं आहे, पायऱ्या चढून या' म्हटल्यासारखं. तोपर्यंतच्या करारांमध्ये अपंगत्वाचा नाव घेऊन उल्लेख होता तो फक्त १९८९ च्या बालहक्क करारात. शेवटी १९९३ मध्ये तडजोड म्हणून 'प्रमाण नियम' निघाले. बावीस नियम, बंधनकारक एकही नाही.

या काळात खरी हालचाल झाली ती सभागृहाबाहेर. १९८० साली कॅनडात विनिपेगला पुनर्वसन क्षेत्रातल्या तज्ज्ञांचं जागतिक संमेलन भरलं होतं. तिथे आलेल्या अपंग प्रतिनिधींनी मागणी केली की संघटनेच्या कारभारात निम्म्या जागा आम्हाला द्या. संमेलनाने ती फेटाळली. ते उठले आणि त्यांनी स्वतःची जागतिक संघटना काढली. १९८१ साली सिंगापूरला तिचं पहिलं अधिवेशन झालं. आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही ठरवू नका, ही घोषणा पुढे या सगळ्या चळवळीचं ब्रीद झाली.

*

आता भारतात येऊ, बीजिंगमार्गे.

१ ते ५ डिसेंबर १९९२ ला बीजिंगमध्ये आशिया-पॅसिफिक देशांची एक बैठक झाली आणि तिथे अपंगांचा पूर्ण सहभाग आणि समता यांचा एक जाहीरनामा निघाला. भारताने त्यावर सही केली. ही बैठक संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तारीख ६ डिसेंबर १९९२ होती. त्यानंतरच्या दिवसांत बीजिंगची बातमी वाचायला इथे कुणाला सवड असणार होती?

पण त्या सहीचा एक उपयोग झाला. वर म्हटलं तसं हा विषय राज्यांच्या यादीतला, संसदेला त्यावर सरळ कायदा करता येईना. घटनेचं २५३ वं कलम मात्र म्हणतं की आंतरराष्ट्रीय कराराची किंवा परिषदेतल्या निर्णयाची अंमलबजावणी करायची असेल तर संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते. ती वाट वापरून १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम आला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की हा कायदा बीजिंगच्या जाहीरनाम्याला प्रत्यक्षात आणण्यासाठी आहे. म्हणजे लासलगावच्या माणसाला नोकरीतलं तीन टक्के आरक्षण कायद्याने मिळायला दिल्लीला बीजिंगहून फिरून यावं लागलं. (त्याआधी १९७७ पासून केंद्राच्या खालच्या दोन गटांतल्या नोकऱ्यांमध्ये तीन टक्के होते, पण ते सरकारी आदेशाने.)

काकांच्या त्याच ट्रंकेत एक कागद आहे. १९८४ मधला. एका कार्यालयातल्या कारकुनाच्या जागेसाठी त्यांनी परीक्षा दिली होती, मुलाखतही झाली होती. मग वैद्यकीय तपासणी. कागदावर एकच ओळ टाइप केलेली आहे: शारीरिकदृष्ट्या अपात्र. कारकुनाला उजवा पाय कशासाठी लागतो हे लिहिलेलं नाही. त्या काळात तसं विचारता येईल असा कायदाच नव्हता. कायदा आला तेव्हा काका पस्तीस वर्षांचे होते, वयोमर्यादा उलटून गेली होती.

त्या अपात्रतेनंतर शेठनी त्यांना पेढीवर घेतलं. पेढीवर सगळे गादीवर मांडी घालून बसत. काकांना ते जमेना, तर शेठनी त्यांच्यासाठी भिंतीकडेला टेबल-खुर्ची मांडली आणि खतावण्यांचं फडताळ हाताशी आणलं. चाळीस वर्षं काकांनी त्या टेबलावर हिशोब लिहिला. घरात हे नेहमी कौतुकाने सांगतात. काका अजून म्हणतात, शेठ चांगले होते.

होतेच. पण मला आता प्रश्न पडतो की नसते तर?

*

१९ डिसेंबर २००१ ला मेक्सिकोच्या पुढाकाराने आमसभेने कराराचा विचार करायला समिती नेमली. या वेळी मागच्यापेक्षा एक फरक होता. अपंगांच्या संघटना सभागृहात बसून बोलत होत्या. १३ डिसेंबर २००६ ला आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. ३० मार्च २००७ ला तो सह्यांसाठी खुला झाला. पहिल्याच दिवशी ८२ सह्या झाल्या आणि त्यातली एक भारताची होती. १ ऑक्टोबर २००७ ला भारताने तो मान्य करून स्वतःवर बंधनकारक करून घेतला. ३ मे २००८ पासून करार अमलात आला.

पन्नास कलमांच्या या करारातल्या दोनच गोष्टी सांगतो, कारण बाकी सगळं त्यांवर उभं आहे.

पहिली म्हणजे अपंगत्व नुसतं शरीरात नसतं. शरीरातली उणीव आणि समोरचा अडथळा या दोन्हींची गाठ पडते तेव्हा माणसाचा सहभाग अडतो. काकांचा पाय पेढीवरही तोच होता आणि त्या कार्यालयातही तोच होता. एका ठिकाणी टेबल आलं, एका ठिकाणी अपात्रतेची ओळ आली.

दुसरी गोष्ट 'वाजवी सोय'. अपंग माणसाला काम करता यावं म्हणून जे छोटे बदल लागतात, ज्यांचा समोरच्यावर अवाजवी बोजा पडत नाही, ते नाकारणं हाच भेदभाव. सोय केली तर उपकार नाही, केली नाही तर गुन्हेगार तुम्ही. शेठनी मांडलेलं ते टेबल इथे धर्मादायाच्या पानावरून उचललं गेलं आणि देण्याच्या पानावर आलं. मला विचाराल तर साठ वर्षांचा हा सगळा इतिहास या एका कलमासाठी होता.

आणि हे कागदावरच राहिलं नाही. पहिल्या वर्षभरातच आपल्या मुंबई उच्च न्यायालयात त्याचा उपयोग झाला. एका मोठ्या सरकारी बँकेत अधिकारी म्हणून निवड झालेल्या तरुणाला, त्याच्यावर किडनी बदलण्याची शस्त्रक्रिया झाली होती म्हणून वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवलं होतं. त्याच्या औषधांचा खर्च बँकेवर पडेल, अशीही काळजी होती. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची यादी होती आणि किडनी काही त्यात नव्हती. २००९ च्या मे महिन्यात न्यायालयाने निकाल दिला. त्याने थेट या कराराचा आधार घेतला, घटनेच्या एकविसाव्या कलमाशी तो जोडला आणि वाजवी सोय करणं हे बँकेचं कर्तव्य आहे असं सांगितलं. १९८४ च्या आमच्या कागदावरची तीच ओळ, फक्त पंचवीस वर्षांनी तिला उत्तर मिळालं.

कराराला साजेसा कायदा करायला मात्र संसदेला नऊ वर्षं लागली. डिसेंबर २०१६ मध्ये नवा कायदा झाला, १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. साताचे एकवीस प्रकार झाले, नोकरीतलं आरक्षण तीनाचं चार टक्के झालं आणि वाजवी सोय हा शब्द कायद्यात आला. काका तेव्हा छप्पन्न वर्षांचे. दर वेळी कायदा येऊन पोचला तेव्हा काकांची गाडी पुढच्या स्टेशनावर गेलेली.

*

सगळं छान झालं असं म्हणून लेख संपवता आला असता, पण नाही. नव्या कायद्यातच एक फट आहे. 'न्याय्य उद्दिष्टासाठी योग्य प्रमाणात' असेल तर वेगळी वागणूक चालेल, असं तिसरं कलम म्हणतं. ते उद्दिष्ट न्याय्य की नाही यावर वाद घालायला माणसाने कोर्टाची पायरी चढायची. जुन्या सार्वजनिक इमारती सोयीच्या करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ ला संपली. डेडलाईन म्हणजे काय हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. :) कराराला जोडून एक ऐच्छिक मसुदा आहे, त्यावर सही केलेल्या देशातला माणूस थेट युनोच्या समितीकडे तक्रार नेऊ शकतो. भारताने त्यावर सही केलेली नाही.

शब्दांचंही तसंच. आपण अपंगचं विकलांग केलं आणि २०१५ च्या अखेरीपासून दिव्यांग. २०१९ मध्ये युनोच्या समितीने भारताचा आढावा घेतला तेव्हा या 'दिव्य' शब्दावरही आक्षेप नोंदवला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र खातं काढलं ही मोठीच गोष्ट, पण नाव बघा: दिव्यांग कल्याण विभाग. काकांना विचारलं, तुम्हाला कुठला शब्द बरा वाटतो? म्हणाले, "लंगडा म्हण रे, पण बँकेच्या पायरीला कठडा लावायला सांग."

*

आता ते लाजिरवाणं कारण.

आमच्या टीमच्या बोर्डवर दोन रकाने असतात. 'मस्ट हॅव' आणि 'नाइस टू हॅव'. आमचं अ‍ॅप पैशांच्या व्यवहाराचं आहे. त्यातल्या एका फॉर्मवर बटणांना नावंच दिलेली नाहीत, त्यामुळे अंध माणसाचा स्क्रीन रीडर तिथे नुसतं 'बटण, बटण, बटण' असं बोलतो. हे तिकीट आमच्याकडे होतं. तीन रिलीज ते 'नाइस टू हॅव'मध्ये पडून होतं आणि तिन्ही वेळा तिथे ते ढकलणारा मी होतो. काम किती? फार तर दोन दिवसांचं. वाईट हेतू अजिबात नव्हता. कधीतरी करू, असाच विचार होता.

मग ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचनात आला. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहऱ्याला इजा झालेल्यांना आणि अंधांना ऑनलाइन केवायसी करता येत नाही, कारण कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवावे लागतात. न्यायालयाने म्हटलं, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे आमचं ते तिकीट मुळात देणं होतं. मी ते तीन वेळा धर्मादायाच्या पानावर लिहिलं होतं. तिथून मागे मागे वाचत १९४८ पर्यंत गेलो.

दिवाळीनंतरच्या पहिल्या मीटिंगमध्ये ते तिकीट मी 'मस्ट हॅव'मध्ये सरकवलं. मॅनेजरने विचारलं, "क्लायंटने मागितलंय का?"

मी म्हटलं, "नाही. पण देणं आहे."

त्याला काही कळलं नाही. तिकीट मात्र या रिलीजमध्ये आहे.